रुंद वरंब्यावरचे सोयाबीन शिवारफेरीत सगळ्यांना आवडते, मग पुढच्या मृगात कोणी का पेरत नाही?

ओलावा_हिंगोली यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यात एका लहान संस्थेसाठी काम करतो. आमच्या गावांत बहुतेकांकडे दोन ते तीन एकर काळी कोरडवाहू जमीन आहे आणि खरिपात सोयाबीन-तूर हीच पिके असतात. गेली तीन वर्षे आम्ही काही शेतांत रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे सगळे ज्याला बीबीएफ म्हणतात त्या यंत्राने, सोयाबीन पेरून दाखवत आहोत. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल वरंब्यावरच्या पिकाला काही दिवस धरून ठेवते आणि एकरी 30 किलोंच्या जागी 22 ते 24 किलो बियाण्यात भागते. शिवारफेरीला गर्दी होते, लोक सरीत उतरून माती मुठीत दाबून पाहतात आणि पद्धत चांगली असल्याचे तोंडभरून सांगतात. पुढच्या मृगात मात्र त्यातले बहुतेक जण नेहमीप्रमाणे सपाट रानावर पेरून मोकळे होतात, आणि ज्यांच्या शेतात प्रात्यक्षिक झाले त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिकांनी दुसऱ्या वर्षी ते सोडून दिले आहे.

आमच्या बैठकांत याची तीन कारणे ठरलेली आहेत: शेतकऱ्यांना माहिती नाही, त्यांना जोखीम नको असते आणि त्यांना अनुदानाची सवय लागली आहे. यातले पहिले कारण मला मुळीच पटत नाही, कारण ज्या गृहस्थांनी यंदा सपाट पेरले त्यांनीच गेल्या आठवड्यात सरीचे फायदे माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगितले. ज्यांनी ही किंवा अशी एखादी पद्धत स्वीकारली, सोडली किंवा विचार करून नाकारली, त्यांनी आपले खरे कारण लिहावे, ही विनंती.

काकर_औसा यांचे उत्तर

आपण हा प्रश्न भादव्यात विचारत आहात, पण त्याचे उत्तर जूनमधल्या चार दिवसांत ठरते. माझी पावणेतीन एकर जमीन आहे, तीही दोन तुकड्यांत. मी ही पद्धत एक वर्ष केली आणि सोडली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा असे आम्हाला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. तेवढा पाऊस झाला आणि उघडीप मिळून वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकली, की सगळ्या गावाला एकाच वेळी पेरायचे असते. आमच्या गावात ट्रॅक्टर सात आणि बीबीएफ पेरणी यंत्र एकच. ते शेतकरी गटाच्या नावावर आले असले, तरी ज्याच्या ट्रॅक्टरला जोडले जाते त्याच्याच दारात उभे असते. आधी त्याचे स्वतःचे रान, मग भावकीचे, मग मोठ्या चकांचे, असा क्रम कोणी न ठरवताही ठरतो. तीन दिवस थांबून माझा नंबर लागला. माझा मोठा तुकडा लांबट आहे, पण रुंदीला इतका कमी की यंत्र आडवे घातले असते तर सगळा वेळ वळणातच गेला असता. उभे घालावे तर सरी थेट उताराच्याच दिशेने पडते. ट्रॅक्टरचालक धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, यंत्र उचलून, मागे घेऊन, पुन्हा टेकवून वळत होता आणि प्रत्येक वळणाला माझ्याकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमच्या रानात पेरण्यापेक्षा वळण्यालाच डिझेल जास्त लागतंय." त्याचे खोटे नव्हते, कारण त्याला पैसे एकरावर मिळतात. त्या संध्याकाळी एक तुकडा पेरून झाला, रात्री पाऊस आला आणि दुसऱ्या तुकड्याला पुढचे नऊ दिवस वाफसा मिळाला नाही. तिथले सोयाबीन उशिरा निघाले, त्यामागे हरभराही उशिरा पडला.

त्यात ते वर्ष पावसाने बरे गेले. पाऊस बेताने आणि वेळेवर पडला की वरंब्यावरच्या आणि सपाट रानातल्या सोयाबीनमध्ये फारसा फरक राहत नाही. या पद्धतीचा उपयोग वाईट वर्षात दिसतो, आणि आपले प्रात्यक्षिक नेमके चांगल्या वर्षी आले तर शेजारी रास पाहून म्हणतो, "एवढा खटाटोप कशाला केलात?" त्याला देण्यासारखे उत्तर त्या वर्षी माझ्याजवळ नव्हते.

आता मी काय करतो तेही लिहितो. शेजाऱ्याच्या बैलांवर तिफणीने वेळेवर पेरतो, आणि पीक महिन्याच्या आतले असताना कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडतो. वरंबा यंत्रासारखा उंच होत नाही, पण पाणी निघायला आणि मुरायला वाट मिळते, आणि ते सारे माझ्या हातात राहते. आपल्या नोंदवहीत माझ्या नावापुढे "अवलंब केला नाही" असेच लिहिले असेल, नाही का?

जुना_सहायक यांचे उत्तर

मी कृषी सहायक म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे अशा नोंदवह्या भरणाऱ्यांपैकीच एक आहे. काकररावांचा शेवटचा प्रश्न मला नीट लागला आहे.

ही पद्धत नवी नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि काळ्या जमिनीसाठी रुंद वरंब्यांवर तिथे पुढील काही वर्षांत बरेच काम झाले. त्याच्या जोडीला बैलांनी ओढायचे चाकांचे बहुउपयोगी अवजार होते, त्यात वरंबे, पेरणी, कोळपणी सगळे एकाच सांगाड्यावर होत असे. अवजार उत्तम होते, पण तिफणीच्या कितीतरी पट महाग होते आणि वर्षातून थोडेच दिवस लागायचे. वरंबे, अवजार, बियाणे, खत असा पूर्ण संच शेतकऱ्यांनी घेतला नाही. त्यातून सुधारित बियाणे, खताची मात्रा अशा परवडणाऱ्या आणि एकेकट्याने जमणाऱ्या गोष्टी उचलल्या. आमच्या भाषेत ते अपयश ठरले. माझ्या मते संच सोडवून त्यातला हवा तो भाग घेणे हीच शेतकऱ्याची अवलंब करण्याची रीत आहे, आणि आम्ही मात्र संचाचीच मोजणी करत राहिलो.

पैशाचेही सांगतो. ठिबकला अल्पभूधारकाला मूळ अनुदान 55 टक्के आहे आणि राज्याच्या पूरक योजनेमुळे ते 80 टक्क्यांपर्यंत जाते, हे कागदावर कोणालाही आकर्षक वाटेल. पण आधी खरेदी करायची, बिल जोडायचे आणि मग रक्कम खात्यावर येण्याची वाट पाहायची. ज्याला ऐन जूनमध्ये खताच्या पोत्यांसाठी उसनवारी करावी लागते, त्याला उरलेल्या 20 टक्क्यांची अडचण नसते, पहिले 100 टक्के कुठून आणायचे याची असते. शेततळ्याचेही तसेच झाले. "मागेल त्याला शेततळे" योजना 2016 साली आली, तिच्यात 50,000 रुपयांपर्यंत अनुदान होते. पण 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तळ्याखाली सुमारे नऊ गुंठे जातात आणि भोवतीचा मातीचा भराव धरला तर दहाच्या वर. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. त्यातला आठवा हिस्सा पिकाखालून काढण्याचा निर्णय माहितीअभावी अडत नाही.

उलट उदाहरण म्हणजे सोयाबीनची उगवण चाचणी. ओल्या गोणपाटावर 100 दाणे गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभरात उगवलेले मोजायचे, 70 च्या पुढे गेले तर बियाणे पेरण्याजोगे. आम्ही हे अनेक वर्षे सांगत होतो आणि लोक मान डोलवत होते. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि त्यानंतर माझ्या गावांत न सांगता घरोघरी गोणपाटे भिजू लागली. खर्च काही नाही, कोणाची वाट पाहायची नाही आणि फळ आठवड्यात दिसते.

एक कबुलीही द्यायला हवी. प्रात्यक्षिकासाठी आम्ही प्लॉट निवडायचो तो रस्त्याकडेचा, विहीर असलेला आणि ज्याचा मालक पाहुण्यांसमोर नीट बोलेल असा. मागच्या रांगेतला दोन एकरवाला ते पीक पाहून मनात काय म्हणत असेल, हे मला तेव्हाही कळत होते.

रानबाई_जिंतूर यांचे उत्तर

आपण सर्वांनी यंत्र, पैसा आणि प्लॉट यांबद्दल लिहिलेत, पण काम कोण करते आणि जमीन कोणाची, हे राहून गेले. आमची स्वतःची दोन एकर आहे आणि तीन एकर ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, करतो.

आमच्याकडे यंत्र मिळत नाही म्हणून वरंब्यावर टोकण करण्याचा सल्ला मिळाला. बियाणे खरोखर खूप वाचते. पण टोकण बायकांनीच करायची असते आणि ती नेमकी त्याच दिवसांत, जेव्हा गावातल्या प्रत्येकीला सरकी लावायला बोलावणे असते. मजुरी चढते, आणि घरचे माणूस मजुरी न धरता राबणार असे गृहीत धरले तरच हिशेब बसतो. प्रशिक्षणाला मात्र घरातल्या पुरुषांना बोलावतात. पहिल्या वर्षी दिवसभर वाकून दोन दाणे, एक वीत, पुन्हा दोन दाणे असे केल्यावर माझ्या जावेने सांगितले की पुढच्या वर्षी हे करायचे असेल तर ज्यांनी सल्ला दिला त्यांना बोलवा. आमच्या घरातला निर्णय तिथे झाला.

ठोक्याचे तर सगळेच वेगळे आहे. करार तोंडी, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आमच्या भागात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू असल्यामुळे, कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक कागद करत नाही. कागद नाही म्हणून सात-बारावर आमचे नाव नाही, आणि नाव नाही म्हणून त्या रानासाठी कोणतेही अनुदान आमच्या खात्यावर येत नाही. सोयाबीनचे भुसकट रानातच कुजवावे, नांगरट बंद करावी, तीन-चार वर्षांत जमीन भुसभुशीत होईल, असे सांगतात, आणि आमच्या स्वतःच्या दोन एकरांत आम्ही ते करतो. तिथे वरंबा न मोडता त्यावरच हरभरा घेतो. पण ठोक्याच्या रानातले भुसकट मी जनावरांसाठी घरी आणते. सुधारलेली जमीन पुढच्या पाडव्याला दुसऱ्याने जास्त बोली लावून घेतली, तर मी कोणाकडे भरपाई मागू? एकाच बाईने एकाच वर्षी एका रानात पद्धत स्वीकारली आणि दुसऱ्यात नाकारली, हे आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसते ते सांगावे.

ओलावा_हिंगोली यांचे उत्तर

ताई, कोणत्याच रकान्यात बसत नाही. तक्ता बदलावा लागेल आणि ते मी लिहून घेतले आहे. एक शंका राहते. आमचे एक सहकारी ठामपणे म्हणतात की स्वस्त पीक विम्यामुळे शेतकरी पीक वाचवायचे कष्ट घेत नाहीत. यात कितपत तथ्य आहे?

जुना_सहायक यांचे उत्तर

फारसे नाही. राज्यात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो 2025 पासून बंद झाला आणि खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंतचा हप्ता शेतकऱ्याला पुन्हा भरावा लागू लागला. पण उत्पन्नावर आधारलेली भरपाई एकेका शेतावरून नव्हे, तर महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. म्हणजे मंडळ बुडाले आणि तुमच्या वरंब्यावरचे पीक तगले, तरी तुमची भरपाई जात नाही. पीक वाचवणाऱ्याचा त्यात तोटा नसल्यामुळे आळसाचे कारण तिथे शोधू नये.

काकर_औसा यांचे उत्तर

विम्याचे सहायक साहेबांनी सांगितलेच आहे, मी यंत्राकडे परत येतो. आपल्याला यंत्रच द्यायचे असेल, तर मे महिन्यात पाळी लिहून भिंतीवर लावा आणि ती लहान तुकड्यांपासून सुरू करा. आमच्या वस्तीवरच्या पाच जणांनी येत्या मृगासाठी वेगळेच ठरवले आहे. पाचांचे तुकडे लागून आहेत, ते एकच रान समजून, एकाच दिवशी, उताराला आडव्या दिशेने पेरायचे आणि यंत्राने फक्त दोन टोकांना वळायचे. ट्रॅक्टरवाला त्याला लगेच तयार झाला. अडले आहे ते मधल्या दोघांचे, कारण यंत्र त्यांच्यातल्या धुऱ्यावरून न्यावे लागेल आणि त्या धुऱ्याचा वाद त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. मोजणीचे पैसे भरले आहेत, तारीख मिळायची आहे.