उत्तर: रविवारची बॅटरसी सहल, जुना टाऊन हॉल

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ११ वाजता क्लॅपहॅम जंक्शन स्टेशनबाहेर जमायचं, तिथून लॅव्हेंडर हिलवर चालत लंडनच्या बॅटरसी भागातलं बॅटरसी आर्ट्स सेंटर. दोघातिघांनी विचारलंय की नाटक नाही तर नुसती बिल्डिंग काय बघायची? काका, तुमचा हा जिव्हाळ्याचा विषय, तुम्हीच सांगा ना.

प्रेषक: काका

सांगतो, जरा लांबेल. ही बिल्डिंग १८९३ची, बॅटरसीचा टाऊन हॉल म्हणून बांधली, आर्किटेक्ट माउंटफर्ड, ज्याने पुढे ओल्ड बेलीचं कोर्ट बांधलं तोच. १९६५ला बॅटरसी बरो, म्हणजे लंडनचा स्वतःचं कौन्सिल असलेला विभाग, शेजारच्या वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाला आणि एवढा मोठा हॉल एकदम बिनकामाचा ठरला, पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या, पण आसपासचे लोक गप्प बसले नाहीत म्हणून वाचला आणि १९७४ला तिथे आर्ट्स सेंटर उघडलं. पुढे कौन्सिलच्या पैशाला कात्री लागली तेव्हा ८०च्या सुमारास स्वतंत्र ट्रस्ट करून लोकांनी ते चालू ठेवलं. मला ह्याचंच फार कौतुक वाटतं, कारण जुनी वास्तू नुसती जपून टिकत नाही हो, तिथे रोज कोणीतरी तालीम करायला, पोरांना घेऊन यायला लागतं.

आणि मग १३ मार्च २०१५. दुपारी मी ट्रेनमध्ये होतो, खिडकीतून धूर दिसला, घरी येऊन टीव्ही लावला तर मागच्या ग्रँड हॉलचं छप्पर गेलेलं. पोटात गोळाच आला. नशिबाने कोणाला इजा झाली नाही, १९०१च्या ऑर्गनचा बराच भाग दुरुस्तीला बाहेर दिलेला होता तोही वाचला. साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर २०१८मध्ये हॉल परत उघडला. आत गेलात की वर बघा, जुन्या प्लास्टरच्या छताची नक्षी होती तीच आता प्लायवुडच्या जाळीत केलीय. आणि भिंती मुद्दाम गुळगुळीत केलेल्या नाहीत, जळून जे रंग उमटले, कुठे गुलाबी, कुठे काळपट, पोपडे निघालेले, ते तसेच ठेवलेत. मी हात लावून बघितलं, खरखरीत लागतं, आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं.

प्रवेशाच्या हॉलमध्ये खाली फरशीवर मोझेइकच्या मधमाश्या आहेत, पोरांना मोजायला लावा. बॅटरसीचं लॅटिन ब्रीदवाक्य होतं, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी नाही, तर आपल्यासाठी. लॅटिनमध्ये आम्ही आणि आपण ह्याला एकच शब्द, मराठीत मात्र निवडावा लागतो, आणि इथे 'आपल्या'च बसतं, 'आमच्या' म्हटलं की अर्थच गेला.

प्रेषक: एक सभासद (टूटिंग)

काका मस्त! मुंबईचा कोणी तिथून खासदार झाला होता ना?

प्रेषक: काका

हो तर! शापुरजी सकलातवाला. मुंबईत १८७४चा जन्म, जमशेटजी टाटांचे भाचे, मुंबईच्या प्लेगात मदतकार्य केलेले. १९२२ला उत्तर बॅटरसीतून निवडून आले, २३ला पडले, २४ला कम्युनिस्ट म्हणून परत आले ते २९पर्यंत. आणि २२ला त्यांचे निवडणूक एजंट कोण, तर जॉन आर्चर, जे १९१३ला ह्याच बरोचे मेयर झाले, लंडनमधले पहिले कृष्णवर्णीय मेयर. शंभर वर्षांपूर्वी एक पारशी आणि एक बार्बेडोसच्या खलाशाचा मुलगा, दोघं मिळून बॅटरसीत घरोघर मतं मागत होते, विचार करा.

प्रेषक: एक सभासद (टूटिंग)

आम्ही चौघं नक्की, आईलापण आणतोय. तिला चढ झेपणार नाही, बस कुठली?

प्रेषक: काका

स्टेशनवरून ७७ किंवा ८७, जवळच सोडतात. आईंबरोबर मी बसनेच येतो.