वळवाच्या वाऱ्यात गच्चीवरचे पत्रे उडाले, विम्यातून अख्खं छप्पर बदलून मिळेल का?

धायरी_रोहाऊस
नमस्कार मंडळी. धायरीत रो-हाऊस आहे. वर स्लॅब, आणि स्लॅबवर लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची शेड, सुमारे ९०० चौरस फूट. दहा फुटी ३४ पत्र्यांपैकी ११ परवाच्या वाऱ्यात उचकटले, त्यातला एक शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॉनेटवर पडला. पॉलिसी 'भारत गृह रक्षा', गृहकर्जाबरोबर घेतलेली. राहिलेले २३ पत्रेही जुनेच आहेत, तर सगळेच बदलून मिळतील का? हॉलच्या छतातून पाणी उतरतंय, तेही त्याच क्लेममध्ये घालू का? विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) उद्या येतोय.

क्लेमची_फाईल
वादळ या पॉलिसीत येतं, पण विमा वाऱ्याने केलेल्या नुकसानीचा आहे, छपराच्या वयाचा नाही. ११ पत्रे, वाकलेले पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या), तुटलेली रिज (छपराच्या माथ्यावरचा पत्रा) आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ एवढं मागा. जागेवर शाबूत बसलेले २३ पत्रे मिळणार नाहीत. नव्या-जुन्याचा रंग जुळत नाही हे कारणही सहसा चालत नाही.

शेड पॉलिसीत लिहिलेली नाही असं म्हणाले तर 'होम बिल्डिंग'ची व्याख्या दाखवा. गॅरेज, पोर्च, कुंपणभिंत, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनेल अशा जोड बांधकामांची त्यात यादी आहे. 'कच्चं बांधकाम' म्हणून नाकारलं, तर तीही व्याख्या वाचायला लावा. गवत, बांबू, फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री यांची छपरं त्यात येतात, लोखंडी पत्रा नाही. शेड मंजूर नकाशात नसेल तर मात्र तो मुद्दा निघू शकतो. कागद आधी चाळून ठेवा.

छतातलं पाणी घालू नका. झीज आणि हळूहळू मुरणारं पाणी वगळलेलं असतं. पिवळट कडा असलेले डाग आणि लोणा (ओलीमुळे वर येणारे पांढरे क्षार) दिसला की जुनी गळती हे सर्व्हेअरला एका नजरेत कळतं, मग तो तुमच्या खऱ्या मागणीकडेही संशयाने बघतो. पत्रा आपटून कोबा फुटला असेल तर तेवढा तुकडा वेगळा दाखवा.

गाडीचं नुकसान या पॉलिसीत बसत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) असेल तर त्यांनी तिथून क्लेम करावा.

पत्रे_पर्लिन
उद्या सर्व्हेअरला काय दाखवायचं ते सांगतो. उडालेल्या पत्र्याचं स्क्रूचं भोक जवळून बघा. भोक लांबट फाटलंय, कडा चकचकीत आहेत, म्हणजे वाऱ्याने ओढून फाडलं. भोकाभोवती तपकिरी गंजाचं कडं आणि पत्रा पापडासारखा, म्हणजे 'झीज' म्हणायला त्यांना आयतं कोलीत. पहिल्या प्रकारच्या भोकांचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढा. पर्लिनचा बाक दाखवायला दोरी ताणून फोटो घ्या.

फाटके पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेअरने मोजेपर्यंत अंगणातच राहू द्या. नंतर भंगाराची किंमत क्लेममधून वजा होते, त्यात नवल नाही. वर ताडपत्री टाकली असेल तर तिचं बिल जपा.

'शेड दुरुस्ती, एकरकमी' असं एस्टिमेट लिहून आणलंत तर काटछाट ठरलेली. ओळ-ओळ लिहून घ्या: पत्रे ११, लांबी, जाडी (०.५० मिमी असेल तर तसं), रिज किती फूट, स्क्रू-वायसर किती, पर्लिन किती किलो, मजुरी, राडारोडा उचलणं, जीएसटी वेगळा. या पॉलिसीत राडारोड्याला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट वगैरेंच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, आणि लोक ती मागायचीच विसरतात. साध्या पत्र्याऐवजी पफ पॅनेल (मध्ये फोम भरलेला दुहेरी पत्रा) टाकणार असाल तर वरचा फरक तुमच्या खिशातून.

बसवताना एक बघा. वारा पत्रा दाबत नाही, उचलतो, आणि सुरुवात कडेला होते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्याला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी. मधल्या भागात पत्र्याचा एक उंचवटा सोडून स्क्रू चालतो, पण कडेच्या आणि रिजजवळच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर हवा. पत्रा फूटभराहून जास्त बाहेर काढू नका. आणि इंपॅक्ट गनने स्क्रू इतका आवळतात की रबरी वायसर बाजूला फुगून फुटतो. तिथूनच पुढची गळती.

धायरी_रोहाऊस
आभार. सर्व्हेअर येऊन गेला. शेड धरली, पण तोंडी म्हणाला की अर्धा घसारा (जुनेपणाची कपात) कापणार.

क्लेमची_फाईल
तोंडी बोलण्याला अर्थ नाही. कोणत्या कलमाखाली घसारा लावला ते कंपनीला ईमेलवर विचारा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. या पॉलिसीत विमा रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर ठरते (कार्पेट एरिया गुणिले दर, जमीन सोडून), आणि रक्कम कमी धरली म्हणून प्रमाणात कपातही करत नाहीत. त्यामुळे घसाऱ्याचं कारण त्यांना कागदावर मांडावंच लागेल. क्लेम फॉर्म मात्र नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्या, या वादात ती तारीख हुकवू नका.

कंपनीच्या तक्रार विभागाने महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज हवा.

सोसायटी_सेक्रेटरी
फ्लॅटवाल्यांसाठी जोडतो: वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी आलं तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. आधी सेक्रेटरीला पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि धायरीकर, पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का बघा. असेल तर पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात. पत्रेवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी शाखेत विचारून घ्या.