मदत हवी आहे: गोठवलेली स्त्रीबीजं पुण्यात कोथरूडहून बाणेरला हलवताना

वय 35, एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) 1.1. अँटागोनिस्ट प्रोटोकॉल (बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून औषध देण्याची पद्धत), 11 दिवस इंजेक्शनं, ट्रिगरनंतर (बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) 36 तासांनी 7 बीजं मिळाली. पक्व 5, तेवढीच व्हिट्रिफाय केली, म्हणजे अतिजलद गोठवली. दुसरी सायकल बाणेरच्या सेंटरमध्ये करायची आहे, म्हणून जुनी 5 पण तिकडेच न्यायची आहेत. ड्राय शिपर (नेण्यासाठीचं अतिथंड भांडं), संमतीपत्र, एचआयव्ही-हिपॅटायटिसचे रिपोर्ट, दोन्हीकडची एआरटी (सहाय्यित प्रजनन) नोंदणी, हे सगळं विचारून झालंय. ‘एवढ्याशा अंतराला काय होतंय’ हे कृपया नको. स्ट्रॉवरचा (बीज ज्यावर गोठवतात त्या बारीक पट्टीवरचा) थेंब इतका बारीक असतो की द्रव नायट्रोजनबाहेर काही सेकंदांतच तापमान चढतं.

अडलंय ते किटवर, म्हणजे गोठवायच्या-वितळवायच्या द्रावणांच्या संचावर. दोन्ही लॅबची किट वेगळ्या कंपन्यांची. जुन्या लॅबकडून किट, स्ट्रॉचा प्रकार आणि वितळवण्याच्या पायऱ्या लेखी घेतल्या, तर पुरेल? की वितळवायलाही त्याच कंपनीचं किट लागतं?