बडोद्यात उघड्या टपाची गाडी घ्यायची आहे: सीएलई, झेड४ की सायबरस्टर?

मकरपुरा_कारखाना

नमस्कार. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवण्याचा माझा कारखाना गेली ३१ वर्षे चालू आहे. येत्या एप्रिलपासून त्याचा रोजचा कारभार मुलगी पाहणार असल्याने माझा निम्मा दिवस मोकळा होईल. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे जे मोठे प्रदर्शन भरले होते, ते पाहायला मी आणि पत्नी लागोपाठ दोन दिवस गेलो होतो. तेथील उघड्या टूरर गाड्या पाहिल्यापासून आयुष्यात एकदा तरी टप उघडणारी गाडी घ्यायची, हे आम्हा दोघांच्याही मनात पक्के झाले आहे. आता वय ५८ आहे, गुडघे शाबूत आहेत, तेव्हा हा विचार आणखी पुढे ढकलायचा नाही.

तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. पहिली मर्सिडीज-बेंझ सीएलई ३०० कॅब्रिओले, जी ऑगस्ट २०२४ मध्ये १ कोटी १० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात आली. हिला चार आसने आणि दोन लिटरचे २५८ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. दुसरी बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय, जिला दोनच आसने, पण तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे ३४० अश्वशक्तीचे इंजिन आहे. तिसरी एमजी सायबरस्टर ही विजेवर चालणारी, दोन आसनांची आणि वर उचलल्या जाणाऱ्या दारांची गाडी जुलै २०२५ मध्ये ७४ लाख ९९ हजारांना दाखल झाली. कागदावरचे आकडे मी वाचले आहेत. मला हवे आहे ते येथे राहून अशी गाडी वापरलेल्यांचे मत.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगतो. घर कारेलीबागेत आहे आणि ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात आमच्या आवारात अडीच फूट पाणी होते. घरात ८१ वर्षांची आई आहे. तिला आठवड्यातून एकदा सयाजीबागेच्या बाजूने फेरी मारून आणण्याचा माझा नेम आहे आणि नवी गाडी आली तरी तो मोडणार नाही. याशिवाय महिन्यातून दोनदा डभोईमार्गे केवडियाकडे किंवा पावागढच्या बाजूला जाणे होईल. दुसरी गाडी घरात आहेच, त्यामुळे रोजच्या कामाचे ओझे या गाडीवर नाही.

सूरसागर_काठ

मी या शहरात नऊ वर्षे दोन आसनांची उघडी गाडी बाळगली आणि गेल्या वर्षी विकली. कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण मला आलेल्या अडचणी आता दुरुस्त झालेल्या असू शकतात. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ज्या गाडीचा विचार उघडी गाडी म्हणून करीत आहात, ती वर्षातील बहुतेक वेळ बंद गाडी असणार आहे, आणि म्हणून ती बंद असताना कशी आहे हे आधी पाहावे.

बडोद्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणून पाहा. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सकाळी आठनंतर टप उघडणे म्हणजे डोके तव्यावर ठेवणे आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात आभाळाचा भरवसा नसतो. पाऊस नसला तरी दमट हवेत दहा मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो. ऑक्टोबरात संध्याकाळी थोडी संधी मिळते, परंतु नवरात्रात रात्री गरब्याच्या गर्दीत उघड्या गाडीत अडकून धूर खाण्यात सुख नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्यांतही उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, आगेमागे तीन आठवडे शहरात टप उघडू नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो. मांज्याने दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. उघड्या गाडीची पुढची काच तिरकी आणि बुटकी असते आणि तिच्यावरून सरकत आलेला दोरा सरळ चेहऱ्यापर्यंत येऊ शकतो. माझ्या बाबतीत तो आरशात अडकला म्हणून निभावले. त्यानंतर १ ते २० जानेवारी टप उघडायचा नाही, असा नियमच मी करून टाकला.

एवढे सगळे वजा जाता मला वर्षातून साठ-सत्तर वेळा टप उघडता येत असे. ते साठ-सत्तर प्रसंग इतके सुंदर होते की नऊ वर्षांबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. डिसेंबरात सकाळी साडेसहाला डभोई रस्त्यावर शेतांवरचे धुके अंगावर घेत जाणे, ओल्या मातीचा आणि एरंडाच्या शेतांचा वास घेणे, हे काच खाली करून कधीच मिळत नाही. पण उरलेल्या तीनशे दिवसांत माझी गाडी बंद असताना आत अंधारी, गोंगाटाची आणि मान आखडवणारी होती, आणि पत्नीने चौथ्या वर्षी तिच्यात बसणे सोडले. म्हणून माझा कौल सीएलईला आहे.

वर्कशॉप_२२_वर्षे

मी स्वतः अशी गाडी बाळगत नाही, पण त्या दुरुस्त करण्याचे काम करतो. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र टपाविषयी जे कोणी विचारत नाही ते सांगणे आवश्यक वाटते.

तिन्ही गाड्यांचे टप कापडी आहेत आणि पुष्कळ ग्राहकांना ही उणीव वाटते. ती उणीव नाही. मर्सिडीजने १९९६ च्या एसएलकेमध्ये घडी होणारा पत्र्याचा टप आणला तेव्हा सर्वांना तोच पुढचा मार्ग वाटला होता. २००९ च्या झेड४ मध्येही पत्र्याचाच टप होता. परंतु पत्र्याच्या टपाचे वजन आणि त्याची यंत्रणा भारी पडते, आणि तो उघडला की डिकी जवळजवळ संपते. २०१८ मध्ये झेड४ पुन्हा कापडावर आली आणि २०२१ मध्ये मर्सिडीजची एसएलदेखील. आजचे कापड अनेक थरांचे असते, मधल्या थरात आवाज अडवणारे अस्तर असते आणि मागची काच खरी काच असते. झेड४ चा टप सुमारे १० सेकंदांत उघडतो, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात. सीएलईला सुमारे २० सेकंद लागतात, पण ते ताशी ६० पर्यंत चालते. झेड४ ची डिकी टप उघडा असो वा बंद, २८१ लिटरच राहते. सीएलईची ३८५ लिटर आहे आणि टप उघडल्यावर २९५ होते.

आता आपल्या शहराचा प्रश्न. टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी असतात आणि त्यांना खाली बारीक भोके असतात. गाडी कडुलिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहिली तर जूनपर्यंत ती भोके बारीक पानांनी बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आसनांखालच्या गालिच्यात उतरते. गालिच्याखाली वायरिंग आणि कंट्रोल युनिट असतात. मालकाला प्रथम कुबट वास येतो, मग महिनाभराने डॅशबोर्डवर दिवे लागू लागतात, आणि तोवर खर्च लाखात गेलेला असतो. दर मे महिन्यात पन्हळी साफ करून घेणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. ओला टप घडी करून ठेवू नये, बुरशी धरते. प्रेशरचे पाणी जवळून मारू नये. रबरी कडांना वर्षातून दोनदा त्यांच्यासाठीचे वंगण लावावे आणि गाडी उभी असली तरी पंधरा दिवसांतून एकदा टप उघडून मिटावा.

पुराबद्दल स्पष्टच सांगतो. तिन्हींपैकी एकही गाडी अडीच फूट पाण्यात टिकणार नाही, त्यामुळे या मुद्द्यावर तिन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचे जादा कलम घ्या, कारण इंजिनात पाणी गेल्यानंतर झालेली हानी साध्या पॉलिसीत सहसा धरली जात नाही. पाणी ओसरल्यावर कोणीही किल्ली फिरवू नये, थेट टो करून न्यावी. ऑगस्ट २०२४ नंतर आमच्याकडे ज्या गाड्या आल्या, त्यांतल्या निम्म्या पाण्याने नव्हे, तर नंतर सुरू करून पाहण्याच्या घाईने गेल्या होत्या.

जांबुघोडा_वळण

काका, मी आपल्यापेक्षा बराच लहान आहे, तरीही विरुद्ध बाजू मांडतो.

बंद असताना सर्वांत आरामशीर असलेली उघडी गाडी घ्यायची, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा आहे. पण आपल्या घरात एक बंद, आरामशीर गाडी आधीच आहे. मग दुसरी तशीच का घ्यावी? झेड४ मध्ये चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो, वजन पुढेमागे समसमान वाटलेले आहे, आणि ओळीत बसवलेल्या सहा सिलिंडरांचा तो आवाज टप उघडा असताना मागून येतो तेव्हा गाडी का घेतली हे कोणाला समजावावे लागत नाही. शून्यापासून १०० ला ती ४.५ सेकंदांत जाते, सीएलईला ६.६ लागतात. मला सेकंदांचे अप्रूप नाही, पण जांबुघोड्याच्या जंगलातील वळणांवर ४.३२ मीटर लांबीची गाडी आणि ४.८५ मीटर लांबीची गाडी यांतला फरक हातांना कळतो. एप्रिल २०२५ पासून ती भारतात हाताने गिअर टाकण्याच्या पर्यायातही मिळू लागली, आणि असा पर्याय या श्रेणीत आता शोधूनही सापडत नाही.

तिचे पोट जमिनीला जवळ आहे हे मान्य. सोसायट्यांतील उंच गतिरोधक तिरके घ्यावे लागतात आणि काही ठिकाणी जाणेच टाळावे लागते.

हालोल_रोड

सायबरस्टरचा विचार कोणीच गंभीरपणे केला नाही, म्हणून लिहितो. एमजीचा कारखाना आपल्या हालोलला असला तरी ही गाडी तेथे बनत नाही, ती पूर्ण बांधणीत आयात होते. त्यामुळे ‘आपल्या शेजारची गाडी’ या भावनेने कोणी घेऊ नये. मात्र ७७ किलोवॉट-तासांची बॅटरी, दोन मोटारी, ५१० अश्वशक्ती आणि १०० पर्यंत ३.२ सेकंद हे सर्व झेड४ पेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळते, आणि त्याचे एक कारण कर हे आहे. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्केच आहे.

माझ्याकडे विजेची गाडी आहे, उघडी नव्हे. परंतु टप उघडा ठेवून इंजिनाच्या आवाजाविना पहाटे जाताना पक्षी ऐकू येतात, ही गोष्ट उघड्या गाडीच्या मूळ हेतूशी अधिक जुळते असे मला प्रामाणिकपणे वाटते. केवडियाला जाऊन परत येणे एका चार्जमध्ये सहज होईल. पुनर्विक्रीची किंमत काय राहील, हे मात्र पाच वर्षांनीच कळेल.

मकरपुरा_कारखाना

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी आईला आणि पत्नीला घेऊन अहमदाबादला गेलो आणि तिन्ही गाड्यांत बसून पाहिले.

झेड४ मध्ये आई बसली, पण उठताना तिला दोन्ही हातांनी ओढावे लागले, आणि तिच्या चेहऱ्यावरचे अवघडलेपण पाहून मला वाईट वाटले. सायबरस्टरचे दार वर गेलेले पाहून ती प्रसन्न हसली, परंतु बॅटरीमुळे आसन आणि उंबरा यांची ठेवण अशी आहे की पाय आत घेणे तिला जमेना. सीएलईत पुढच्या आसनावर ती स्वतः बसली. दार लांब असल्याने जागा भरपूर मिळाली, आणि सीटबेल्ट पुढे आणून देणारा यांत्रिक हात बाहेर आला तेव्हा मागे वळून तो शोधण्याची तिची रोजची धडपड वाचली. पत्नी मागे बसली. तिचे गुडघे फार सैल नव्हते, पण तासाभराच्या फेरीला पुरेसे होते. मग टप उघडला. काचेच्या माथ्यावर वारा वळवणारी पट्टी उचलली, मानेवर उबदार झोत सोडला, आणि आई म्हणाली, ‘लहानपणी मांडवीतून टांग्यात बसून जायचो, तेव्हा असंच वाटायचं.’

जांबुघोडा_वळण यांचे म्हणणे मला पटले होते आणि अजूनही पटते. मी एकटा असतो तर हाताने गिअर टाकायची झेड४ घेतली असती. पक्ष्यांचा मुद्दाही मनात राहिला आहे. पण माझ्या आठवड्यातील जी एक फेरी मी कधीही चुकवणार नाही, ती आईबरोबरची आहे, आणि दोनच आसनांच्या गाडीत ती फेरी घेतली तर पत्नीला दर वेळी घरी ठेवावे लागेल. सीएलईची नोंदणी केली आहे. रंग गडद निळा, टप काळा.

ताबा २० जानेवारीनंतर घेणार आहे. कारेलीबागेतील गाडीच्या शेडची फरशी २०२४ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा एक फूट वर येईल एवढा भराव घालण्याचे काम कालच दिले, आणि तेवढ्या उंचीला लांब उतार लागेल म्हणून तुळशीवृंदावन चार फूट मागे सरकवण्यास आईने परवानगी दिली आहे. शेडवर एक जुना कडुलिंब आहे. तो तोडणार नाही. मे महिन्यात पन्हळी साफ करण्यासाठी वर्कशॉप_२२_वर्षे यांच्याकडेच यावे म्हणतो. त्यांनी कृपया व्यक्तिगत निरोपातून पत्ता कळवावा.