कॉम्प्युटरचा कूलर बदलण्याआधी उघडून तर बघा

गेम सुरू केला की दहा मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि मग चित्राच्या फ्रेम अडखळतात, असं तुम्ही म्हणताय; त्यावर वर कुणीतरी लगेच नवा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) घ्या असं सुचवलंय. तुमच्या रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसरची मर्यादाच ९५ आहे. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग उतरवतो, म्हणून अडखळतं. जळायची भीती नको. पण नव्या कूलरचा तो सल्ला मला घाईचा वाटतो.

गेल्या एप्रिलात माझंही सेम. पुण्यात सिंहगड रोडला शेजारी बांधकाम चालू, कूलरच्या पात्यांत धुळीची अक्षरशः गोधडी! पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, खडूसारखी सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी आणून वाटाण्याएवढी लावली. ७८ वर आलं.

कूलर काढण्याआधी थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, प्लग काढून, कूलर हलके पिळत उचला. सरळ ओढलात तर तुमच्यासारखा एएम४ प्रकारच्या सॉकेटमधला (प्रोसेसर बसतो ती खोबण) प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. (हो, अनुभव आहे.)

त्याआधी कॅबिनेटची बाजू काढून एकदा खेळून बघा. तेवढ्यानेच बरंच उतरलं, तर कूलर बिचारा निर्दोष आहे, आत हवाच पोचत नाहीये.