प्राजक्ता : हे नाव संस्कृत की मराठी?

प्रश्न

भावाला मुलगी झाली आहे. मी आत्या, त्यामुळे नाव ठेवायचा मान माझा. मनात ‘प्राजक्ता’ आहे. पण नावांच्या याद्यांमध्ये कुठे नुसतंच ‘सुगंधी फूल’ लिहिलंय, कुठे ‘प्रजा’ शब्दाशी नातं जोडलंय. वहिनी कोलकात्याची, तिलाही अर्थ नीट सांगता यायला हवा. शिवाय हे नाव आता जुनं वाटतं का?

प्रतिसाद

‘प्रजा’शी काही संबंध नाही, ते मनातून काढून टाका. मूळ शब्द पारिजातक. बोलता बोलता ‘रि’मधला ‘इ’ गळला, उरलेला ‘र’ मागच्या ‘पा’ला चिकटला, शेवटचे ‘तक’ उलटून ‘क्त’ झाले आणि प्राजक्त झाला. समुद्रमंथनातून वर आलेलं झाड ते पारिजात, म्हणून ‘पारिन् म्हणजे समुद्र, त्यातून जन्मलेला’ अशी फोड टीकाकार करतात. कृष्णाने स्वर्गातून आणलेलं, सत्यभामेच्या अंगणात लावलेलं आणि रुक्मिणीच्या दारात फुलं ढाळणारं झाड आपल्याला कथेतून ठाऊक असतंच.

म्हणजे मूळ संस्कृत, पण ‘प्राजक्त’ हे रूप मराठीनं घडवलेलं आहे. हिंदीत याच फुलाला हरसिंगार म्हणतात, बंगालीत शिउली. म्हणून प्राजक्ता नाव ऐकलं की माणूस मराठी घरातला, हे बहुतेक वेळा न विचारता कळतं.

आता शेवटचा ‘आ’. फूल पुल्लिंगी आहे, ‘तो प्राजक्त’. मराठीत मुलींना फुलांची नावं देताना हे लिंग फार सांभाळलं जातं. ती जाई, ती जुई, ती सायली, ती अबोली ही नावं जशीच्या तशी मुलींना दिली. तो मोगरा मात्र इतका लाडका असूनही मुलीचं नाव झाला नाही. चाफ्याची चंपा केली, केवड्यासाठी केतकी घेतली, बकुळची बकुळा झाली. तसाच प्राजक्ताला ‘आ’ लागला. इथे भाषेनं मदतही केली, कारण ‘प्राजक्ताचा सडा’, ‘प्राजक्ताखाली’ असं आपण म्हणतोच. सामान्यरूपात हे नाव आधीपासून कानावर होतं. मुलांमध्ये मूळ रूपच चालतं, जसे नाटककार प्राजक्त देशमुख किंवा राहुरीचे माजी आमदार प्राजक्त तनपुरे.

प्रतिसाद

एक शंका. पुराणातला पारिजात म्हणजे आपला प्राजक्तच का? उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूरला जे ‘पारिजात’ म्हणून पुजतात ते तर गोरखचिंचेचं झाड आहे.

प्रतिसाद

शंका रास्त आहे. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, पारिजातक दोनदा येतो. एकदा मंदार, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन यांच्यासोबत देवतरू म्हणून. दुसऱ्यांदा वनौषधिवर्गात, म्हणजे झाडाझुडपांच्या प्रकरणात, ‘पारिभद्रे निम्बतरुर्मन्दारः पारिजातकः’ असा, आणि तिथला पारिभद्र म्हणजे आपला लाल फुलांचा पांगारा. थोडक्यात, स्वर्गातल्या झाडाचं नाव वेगवेगळ्या प्रांतांनी वेगवेगळ्या झाडांना दिलं. महाराष्ट्रात मात्र पारिजातक म्हटलं की पांढऱ्या पाकळ्यांचं, केशरी दांडीचं फूल, यात कुणाचं दुमत नाही. नाव ठेवणाऱ्यानं हाच अर्थ धरावा.

फूल जवळून पाहिलंय का कधी? पाकळ्या पाच ते आठ, देठाशी किंचित पीळ दिलेल्या. केशरी रंग दांडीपासून वर चढून फुलाच्या डोळ्यापर्यंत येतो. या दांड्या सुकवून त्यांच्या रंगात पूर्वी रेशमी वस्त्रं रंगवत. पान मात्र पॉलिश पेपरसारखं खरखरीत. जाई, जुई आणि मोगऱ्याच्याच कुळातलं हे झाड.

प्रतिसाद

आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या, एका रात्रीत गळून पडणाऱ्या फुलाचं नाव मुलीला नको.

प्रतिसाद

त्यांचा मान राखून सांगतो, या गळण्याकडे आपल्याकडे सहसा कुणी अशुभ म्हणून पाहत नाही. जमिनीवर पडलेलं फूल सहसा देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्त वेचूनच वाहतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली त्याला लॅटिन नाव दिलं त्यात ‘दुःखी झाड’ असा अर्थ आहे, कारण दिवसा ते उतरलेलं दिसतं. आपण त्याच झाडाखालच्या फुलांना ‘सडा’ म्हटलं. सडा आपण अंगणात घालतो, सणाला घालतो. यात शोक कुठे आला?

आता मूळ प्रश्नातल्या ‘जुनं वाटतं का’बद्दल. आजीच्या पिढीत शेवंता, मालती, कुसुम. त्यानंतर केतकी, सायली, प्राजक्ता. ऐंशी-नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांना विचारा, वर्गात एखादी प्राजक्ता हमखास असायची. अभिनेत्री प्राजक्ता माळी, यूट्यूबवरची प्राजक्ता कोळी याच पिढीतल्या. आज बारशाला दोन अक्षरी नावांची चलती आहे, ईरा, रेवा, मीरा. त्यामुळे तुमची भाची बालवाडीत बहुधा एकटीच प्राजक्ता असेल. मला तर ही जमेची बाजू वाटते.

वहिनींना समजावणं सोपं आहे. त्यांच्याकडची शिउली म्हणजेच आपला प्राजक्त, आणि ते पश्चिम बंगालचं राज्यफूल आहे. तिकडे शिउली फुलली की दुर्गापूजा जवळ आली म्हणतात. संस्कृत शेफालिकेवरून आलेलं ‘शेफाली’ हे नावही याच फुलाचं मानतात, दोन्ही घरांना चालेल असं हवं असेल तर तेही आहे. पण मला विचाराल तर प्राजक्ताच ठेवा.

प्रश्नकर्ती

प्राजक्ताच ठरलं! फक्त उच्चार सांगा, ‘जाळ्या’तला ज की ‘जन्मा’तला?

प्रतिसाद

दोन्ही ऐकू येतात. पारिजातमध्ये ‘जन्मा’तलाच ज, तो संस्कृत शब्द जसाच्या तसा आहे. प्राजक्त आपल्या तोंडी घासून झालेला, म्हणून मी ‘जाळ्या’तला ज म्हणतो. आणि जन्मदाखल्यावर ‘प्रा’ दीर्घ आहे ना, ‘क्त’ जोडाक्षर नीट आहे ना, हे सही करण्याआधी तपासा. ‘प्रजक्ता’ छापून आलेले दाखले मी पाहिले आहेत.