मदत हवी आहे: रेचल कार्सन यांचं बालपणीचं घर कोणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. पिट्सबर्गच्या बालाजीचं दर्शन ठरलंच आहे. तिथून जवळच, अलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावात अमेरिकी लेखिका आणि सागरी जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांचं घर जपून ठेवलंय. १९०७ साली त्यांचा जन्म तिथलाच. त्या अकरा वर्षांच्या असताना एका मुलांच्या मासिकात त्यांची पहिली गोष्ट छापून आली, तेव्हा मुक्काम याच घरात. आमची आई निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. डीडीटी या कीटकनाशकाचा धडा शिकवताना कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाचा (१९६२) उल्लेख केल्याशिवाय तिचा तास संपायचा नाही, त्यामुळे ही तिची खास फर्माईश.

घर आतून बघायला आधी वेळ ठरवावी लागते का? शनिवार-रविवारी कोणी माहिती द्यायला असतं का? मुख्य म्हणजे बाबांचे गुडघे! जुनं लाकडी घर, म्हणजे जिना अरुंद आणि उभा असणार. तळमजला पाहूनही समाधान होईल का? पूर्वी भोवती कार्सन कुटुंबाची साठेक एकर जमीन होती. आता त्यातलं बसण्याजोगं काही उरलंय का?

पिट्सबर्गमध्ये त्यांच्या नावाचा पूलही आहे, तो जाता-येता दिसेलच. जेवणाचं विचारत नाही, देवळातला दहीभात आहे.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.